रहस्यकादंबरीचं परीक्षण लिहिताना कथानक किती सांगावं?

पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे घडतं तेवढंच सांगा. मलपृष्ठावर प्रकाशकाने जे छापलंय, ती तुमची हद्द. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी येणारी परीक्षणं मी तपासतो, आणि गुपित बहुतेक वेळा कथासारात नाही, विशेषणांत फुटतं. ‘वरवर साधा दिसणारा भाचा’ असं लिहिलंत की खुनी कोण ते कळलंच! ‘शेवटी जबरदस्त धक्का’ हेसुद्धा नको. वाचक पहिल्या पानापासून तो धक्काच शोधत बसतो. त्यापेक्षा संवाद, वेग, संशयाची सुई लेखक किती सफाईने फिरवतो, यावर लिहा. शेवट फसला असेल तर ‘उलगडा पटला नाही, योगायोग फार’ एवढं पुरे. ऐतिहासिक कादंबरीला मात्र हे सोवळं नको, पानिपतावर १७६१ साली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.