ट्रिप्टान पहिल्यांदाच मिळालंय? मग हे वाचा

ताई, डॉक्टरांनी मायग्रेनसाठी सुमाट्रिप्टान (ट्रिप्टान गटातलं औषध) दिलंय ना, मग ते कपाटात नको, पर्समध्ये ठेवा. 'बघू, थांबेल आपोआप' म्हणत डोकं फुटायची वेळ आली की गोळीचा तेवढा उपयोग होत नाही. ठणका सुरू होताच, सौम्य असतानाच घ्यायची. उलट्या होत असतील तर नाकातला स्प्रे किंवा सोबत डॉम्पेरिडोन (उलटीवरचं औषध) चालेल का, ते विचारा. दुखणं कमी होऊन परत उसळलं तर दुसरी गोळी किमान दोन तासांनी. पहिलीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच अटॅकला दुसरी सहसा घेत नाहीत.

छाती-मान आवळल्यासारखी वाटू शकते. बहुतेकदा ते जातं, पण पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना कळवाच. जोरात दुखलं तर थेट दवाखाना. हृदयविकार, पक्षाघात, आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर हे औषध नाहीच. मेडिकलवाल्याने दिलेली अर्गोटामिनची (मायग्रेनचंच जुनं औषध) गोळी त्याच दिवशी तर मुळीच नको.

फ्लुनारिझिन रोजचं, अटॅक टाळण्यासाठीचं. ऐन दुखण्यात त्याचा उपयोग नाही. आणि कॅलेंडरवर खुणा करा. महिन्यात दहा दिवस ट्रिप्टान लागायला लागलं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.