पानकापू मुंग्यांच्या अंगावरच्या जिवाणूंमधून नवं बुरशीनाशक औषध शोधायला सुरुवात करतोयस तर

अरे आधी अॅटा प्रजातीची मुंगी नको घेऊस, अॅक्रोमर्मेक्स प्रजातीची घे, कारण अॅटाच्या अंगावर स्यूडोनोकार्डिया या बुरशीरोधक रसायनं बनवणाऱ्या जिवाणूचा थर नसतोच आणि अॅक्रोमर्मेक्सच्या कामकरी मुंगीच्या छातीवर पिठासारखा त्याचा पांढरा लेप साध्या भिंगातूनही दिसतो. तो सुईने अलगद खरवडून कायटिन अगरवर (जिवाणू वाढवायच्या प्लेटवर) लाव, बुरशी दाबायला निस्टॅटिन टाक. आणि घाई करू नकोस प्लीज, स्ट्रेप्टोमायसिस हा दुसरा जिवाणू भराभर वाढतो, स्यूडोनोकार्डियाला आठवडे लागतात, तोवर लोक प्लेट फेकून देतात, जीव तुटतो अगदी. मग एस्कोवोप्सिससमोर टेस्ट कर, मुंग्या खायला जी बुरशी पिकवतात ती शेती खाणारी परजीवी बुरशी तीच. झोन, म्हणजे जिवाणूभोवती बुरशी न वाढलेली मोकळी जागा, दिसला तरी आधी मास स्पेक (रेणूचं वस्तुमान मोजून ओळख पटवणारी चाचणी) करून कॅन्डिसिडिन नाहीये ना बघ, ते बुरशीनाशक जुनंच, आधीपासून माहीत असलेलं. अॅप्टेरोस्टिग्मा ही बुरशी पिकवणारी दुसरी मुंगी पण सोडू नकोस, २००९चं डेंटिगेरुमायसिन हे बुरशीरोधक रसायन तिच्याच स्यूडोनोकार्डियातून मिळालंय.