स्पर्धात्मक गेम आणि पखवाज, दोन्हींसाठी एकच हेडफोन. आणि साउंडकार्ड खरेच हवे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मालवणजवळच्या गावात माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत तुमचा संगणक आहे. रात्री तुम्ही व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे नेमबाजीचे गेम खेळता, दिवसा पखवाज शिकता आणि डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची, ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकता. हेडफोन लावला की कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून घूं असा आवाज येतो. हाताशी पंधरा हजार रुपये आहेत आणि मित्रांच्या सल्ल्याने त्यातून ७.१ (म्हणजे सात स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर यांचा भास) लिहिलेला गेमिंग हेडसेट आणि मदरबोर्डात बसणारे साउंडकार्ड घ्यायचे तुमच्या मनात आहे. माझे मत असे की या दोन्हींपैकी एकही वस्तू घेऊ नये. बहुतेक सगळे पैसे एका साध्या, दुरुस्त करता येणाऱ्या, बंद पाठीच्या (म्हणजे कानावरच्या वाट्या बाहेरून बंद असलेल्या) हेडफोनवर घालावेत आणि साउंडकार्डाचा विचार खाली सांगितलेला एक प्रयोग केल्यानंतरच करावा.

आधी दिशेचे बघू, कारण ७.१ हा आकडा तिथेच माणसाला फसवतो. डावीकडून आलेला आवाज आपल्या डाव्या कानावर आधी पडतो आणि उजव्या कानावर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. शिवाय डोके मध्ये आल्यामुळे उंच स्वरांचा भाग पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतो. साधारण १,५०० हर्ट्झच्या खाली मेंदू मुख्यतः वेळेच्या फरकावर विसंबतो आणि त्याच्या वर जोराच्या फरकावर. आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे मात्र कानाच्या पाळीच्या वळणांमुळे उंच स्वरांत जे चढउतार होतात त्यांवरून कळते. म्हणजे सारी माहिती शेवटी दोन कानांतल्या दोन ध्वनींतच असते, आणि ती तिथे घालण्याचे काम गेम स्वतः करतो. व्हॅलोरंटमध्ये त्यासाठी एचआरटीएफ (दोन कानांतले हे फरक आवाजात घालणारे गणित) नावाचा पर्याय आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आवाजाच्या मांडणीत स्टीरिओ हेडफोन निवडला की तेच काम होते. त्यावर हेडसेटचे ७.१ किंवा विंडोज सोनिकसारखी कृत्रिम दिशा देणारी सोय चढवली तर एकदा दिशा दिलेल्या आवाजाला पुन्हा दिशा दिली जाते, आणि शत्रूच्या पावलांचा ठिकाणा स्पष्ट होण्याऐवजी धुरकट होतो. तेव्हा विंडोजमध्ये स्टीरिओ, गेममध्ये एचआरटीएफ चालू आणि बाकी सगळे बंद, एवढे केले की या विषयातले नव्वद टक्के काम फुकटात झाले.

मग साउंडकार्डाचा एवढा दबदबा का, तर तो जुन्या काळातून आलेला आहे. साउंड ब्लास्टर १९८९ साली आले तेव्हा संगणकाजवळ बीप करणाऱ्या स्पीकरपलीकडे विशेष काही नव्हते, आणि पुढे विंडोज एक्सपीच्या दिवसांत त्रिमितीय ध्वनीचे गणित खरोखर कार्डावरची चिप करत असे. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या भागाचा) कार्डाशी असलेला थेट मार्ग काढून टाकला आणि ते गणित प्रोसेसरकडे आले. ज्या मित्राने तुम्हाला कार्ड सुचवले त्याचा अनुभव बहुधा त्या आधीचा असावा. तो त्या वेळी बरोबरच होता.

आता तुमचा घूं. हा प्रयोग आज रात्रीच करा : गेम बंद ठेवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा, काही वाजवू नका, आणि नुसता माउस हलवा. माउसबरोबर बारीक कुरकुर होत असेल किंवा ग्राफिक्स कार्डावर भार आला की घूं वाढत असेल, तर दोष कॅबिनेटच्या आतल्या तारेचा आहे. पुढच्या जॅकची ती बारीक तार ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि वाटेत विजेची सगळी गडबड उचलते. हेडफोन काढून मागच्या, मदरबोर्डावरच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. दहापैकी सहा-सात घरांत मी हा त्रास एवढ्यावरच संपलेला पाहिला आहे. मागेही घूं राहिला तर मदरबोर्डात बसणारे कार्ड घेऊन उपयोग नाही, कारण ते त्याच पेटीत, त्याच गोंगाटात, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या शेजारीच बसणार. त्या वेळी यूएसबीला लावायचा छोटा बाहेरचा डॅक घ्यावा, म्हणजे आकड्यांचे ध्वनीत रूपांतर पेटीच्या बाहेर होते. फोनसाठी मिळणारे हजार-दोन हजारांतले अडॅप्टर हे असले डॅकच असतात आणि त्यांतले चांगले अडॅप्टर या कामाला पुरून उरतात. काही जण तुम्हाला ग्राउंड लूपचे, म्हणजे जोडलेली दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडल्याने येणाऱ्या घूंचे, नाव सांगतील. पण हेडफोन स्वतः दुसरीकडे कुठे अर्थिंगला जोडलेला नसतो, त्यामुळे संगणकाला मिक्सर किंवा अॅम्प्लिफायर जोडलेला नसेल तर तो संशय शेवटी घ्यावा.

इन्व्हर्टरचा संशय मात्र आधी घ्यावा. आपल्याकडे वीज गेली की स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर संगणक चालतो, आणि काही पॉवर सप्लाय त्या वेळी जो गुरगुराट करतात तो थेट कानात उतरतो. घूं फक्त वीज गेल्यावर येत असेल तर हेडफोन आणि कार्ड दोघेही निर्दोष आहेत.

जोर पुरेल का, याचे गणित कठीण नाही. माझ्या मनातला बंद पाठीचा हेडफोन, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ३२, ८० आणि २५० ओहमांत (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) मिळतो. ८० ओहमांच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला तर १२.५ मिलिवॅट मिळतात. त्याची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल धरली तर हे सुमारे १०७ डेसिबल होतात. अडॅप्टर अर्धाच व्होल्ट देत असला तरी १०१ डेसिबल राहतात, म्हणजे कान दुखेपर्यंत जोर आहे. २५० ओहमांचा घेतलात तर हे गणित घट्ट होते आणि अॅम्प्लिफायरचा खर्च मागे लागतो. तुम्हाला त्यातून काहीही जास्त मिळणार नाही. उलट बाजूने, अगदी कमी ओहमांचा हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावू नये, कारण कित्येक ठिकाणी त्या जॅकच्या मार्गात रोध जास्त असतो आणि त्यामुळे हेडफोनचा खर्ज फुगतो. जॅकचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे.

खुली पाठ की बंद, या प्रश्नावर शहरातले जाणकार एकमुखाने खुली सांगतील आणि पुण्यातल्या बंद फ्लॅटसाठी ते खरेच आहे. सेनहायझरचा एचडी ५६०एस मी स्वतः वापरतो. त्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, पावले मोकळ्या अंगणात टाकल्यासारखी अलग ऐकू येतात आणि कानांना घाम कमी येतो. पण मी तो वापरतो तो जांभ्याच्या भिंतींच्या, कौलांच्या खोलीत, आणि तेही दसऱ्यापासून मेपर्यंतच. पत्र्यावर आषाढातली सर आली की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. खुल्या पाठीतून तो सगळा मारा आत येतो. माणूस नकळत आवाज वाढवतो, पावले तरीही बुडतात आणि कान मात्र भाजून निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे आणि प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ अर्धा होतो. ८९ डेसिबलवर तो पाच तासांवर येतो, जो तुम्ही एका शनिवारच्या रात्रीत संपवाल. डीटी ७७० बाहेरचा आवाज सुमारे १८ डेसिबलने कमी करतो असे उत्पादक सांगतात. ढगांचा गडगडाट त्याने थांबणार नाही, कारण खर्ज कुठल्याच गादीला जुमानत नाही. पत्र्याची ताडताड मात्र बरीच दबते. म्हणून तुमच्या खोलीसाठी बंद पाठच.

संगीताची बाजू तुमच्यासाठी अधिक नाजूक आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले की शाई लावलेल्या आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर साध्या ढोलासारखे विस्कळीत नसतात, ते सुरात बांधलेले असतात. त्यामुळे पखवाजाच्या उजव्या पुडीचा ‘ता’ आपल्याला स्वरासारखा ऐकू येतो आणि तो ओळखायला मधले स्वर स्वच्छ लागतात. धुम्यावर कणिक थोडी जास्त चढली की त्याची घुमणी खाली बसते. हा फरक ज्या हेडफोनमध्ये खर्ज नुसता फुगवलेला असतो त्यात कळतच नाही, सगळ्याच धुम्यांची एकसारखी धडधड होते. गेमिंग हेडसेट बहुतेक असेच स्फोटांसाठी फुगवलेले असतात. यात गेमचाही तोटा आहे, कारण खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो, आणि पावलांचा खरखरीत भाग नेमका वर असतो. ‘तिट कत गदिगन’ हे पखवाजाचे बोल द्रुत लयीत वाजताना प्रत्येक अक्षर सुटे ऐकवणारा हेडफोन दाराआडचे पाऊलही सुटे ऐकवतो. दोन्ही कामांना एकच हेडफोन पुरतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

डीटी ७७० मध्ये दोष नाही असे मात्र समजू नका. त्यालाही खर्ज थोडा जास्त आहे आणि ८,००० हर्ट्झच्या आसपास एक टोचणारा उंचवटा आहे. डबलबारीत झांज चढायला लागली की हा उंचवटा सुईसारखा लागतो, आणि वीस मिनिटांत माणूस हेडफोन काढून ठेवतो. इक्वलायझर एपीओ हे विंडोजसाठीचे फुकट सॉफ्टवेअर घाला, ८,००० हर्ट्झला ३ ते ४ डेसिबल कमी करा, १०० हर्ट्झच्या खाली २ डेसिबल कमी करा आणि मग कानाने पुढेमागे सरकवा. झांज वाजताना मागचा कोरस ऐकू यायला लागला की थांबा. विंडोजमधला नमुनादर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, तो आकडा) ४८,००० वर ठेवून विसरून जा. १,९२,००० चे आकडे खोक्यावर शोभतात.

पावसाळी आणि खाऱ्या हवेचे एक प्रकरण माझ्यावर गुदरलेले सांगतो. हर्णैला राहायला आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात माझा गेममधला अंदाज बिघडला. शत्रू समोर असला तरी मी थोडा उजवीकडे वळू लागलो. वय झाले असे मी मनाशी मान्यही केले होते. गणपतीच्या सुट्टीत पुतण्याने हेडफोन उलटा घातला आणि म्हणाला, ‘काका, सगळे भजन डावीकडे सरकलेय.’ जॅक काढून पाहिला तर टोकावर हिरवट कीट चढले होते आणि डावी बाजू दोन-तीन डेसिबलने खाली गेली होती. एवढ्याशा फरकाने दिशा सरकते, पण कानाला ‘आवाज कमी झाला’ असे अजिबात वाटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवला आणि वय पुन्हा कमी झाले. तेव्हापासून दर महिन्याला एकसुरी मोनो ध्वनी वाजवून तो नाकासमोर येतो का हे पाहतो. त्याच हेडफोनचे रेक्झिनचे पॅड नंतर पापुद्रे निघून कानामागे काळे कण चिकटवत असत. म्हणून मखमली पॅड असलेला आणि ज्याचे सुटे पॅड मिळतात असा हेडफोनच घ्या, आणि तो खुंटीला न टांगता सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. टांगलेल्या मखमलीवर श्रावणापर्यंत बुरशी येते.

माइक वेगळा घ्यावा लागेल. हेडफोनला चिकटवायचा किंवा टेबलावरचा कुठलाही एकदिशा माइक चालेल. तो तोंडापासून चार बोटांवर ठेवा, कारण अंतर निम्मे केले की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि पत्रा आहे तेवढाच राहतो. ब्लूटूथचा विचार सोडून द्या : आवाज उशिरा येतो, आणि त्याचाच माइक चालू केला की ऐकण्याचा दर्जा जुन्या टेलिफोनवर उतरतो.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात वीज चमकू लागली की संगणकाचा प्लग काढाच, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही काढा. माझे एक जुने कार्ड विजेच्या वाटेने नव्हे, त्या तारेच्या वाटेने जळाले. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा मेमध्ये कोरडा पडतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या आणि तो चार-पाच व्होल्टांच्या वर निघाला तर हेडफोनच्या आधी तो खड्डा नीट करा.

मागच्या जॅकचा प्रयोग करून काय ऐकू आले ते इथेच लिहा. तिथे घूं नसेल तर हजाराचा अडॅप्टरही घेऊ नका. ते पैसे पॅडच्या दुसऱ्या जोडीसाठी ठेवा.