गाडी उलाळ होऊ देऊ नका

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. माझ्याकडे २०१९ ची टोयोटा टकोमा पिकअप आहे. चार दारांची, व्ही-सिक्स, ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी ती तीन इंच उचलून घेतली होती. ३३ इंची टायर, पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), मागे हौद्यावर फायबरचा टॉपर, म्हणजे झाकण. यंदा आम्ही २२ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, रिकामं वजन ४,३०० पौंड. विकणारा म्हणाला, "तुमची गाडी ६,४०० ओढते, काळजीच नको." पहिल्याच सहलीला ग्रँड जंक्शनला निघालो, तर आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर वेग ताशी ३५ मैलांवर आला आणि गिअर सारखे वरखाली होत राहिले. परतताना मोकळ्या रस्त्यावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटासारखा हलू लागला. बायको अजून घाबरलेली आहे. जूनमध्ये नाशिकहून आईबाबा येत आहेत, त्यांना यलोस्टोन दाखवायचं आहे. गॅरेजवाला मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग (हवा भरायच्या पिशव्या) बसवून घ्या म्हणतो. तेवढ्याने भागेल का?

उत्तर: नाही भागणार. तुम्ही माझ्या सांगण्यावरून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवलात, बरं झालं. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीवर १,१२० पौंड आहे. मी ६,४०० च्या आकड्याकडे पाहतही नाही. तो ओढण्याचा आकडा. तुमची गाडी अडली आहे ती पाठीवर वाहण्याच्या आकड्यावर.

माझं बालपण शिरोळ तालुक्यातलं. उसाच्या हंगामात वडील टायरगाडी भरायचे आणि बैल जुंपण्याआधी एका हाताने जू उचलून बघायचे. सहज वर आलं तर मागच्या मोळ्या काढून पुढे रचायला लावायचे. गाडी उलाळ झाली की बैलांच्या मानेवर जू टिकत नाही, मागचा भार त्यांना वर उचलतो. आणि नुसती पुढेच भरली तर बैल चार पावलांत खाली बसतात. पिकअपच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, ट्रेलरची जी मान टेकते, तिथेही हेच गणित आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर हेलकावे खातो. आणि जो येतो तो सगळा त्या १,१२० मधून वजा होतो.

आता तुमचा हिशेब मांडू. बंपर आणि विंच मिळून २१० पौंड धरा. मोठे टायर मूळ टायरांपेक्षा प्रत्येकी १८ पौंडांनी जड, स्टेपनी धरून पाच, म्हणजे ९०. टॉपर १७०. कारखान्यातून गाडी निघाल्यानंतर चढलेलं हे वजन ४७० झालं. उरले ६५०. गाडी उचलणाऱ्या किटने यात एका पौंडाचीही भर पडत नाही.

ट्रेलरचे ४,३०० हे रिकाम्याचे. गॅसच्या दोन टाक्या आणि बॅटरी १३०, ३० गॅलन पाणी २५० (एक गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ साडेआठ पौंड), भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्य, खुर्च्या ४००. झाले ५,०८०. त्याचे साडेबारा टक्के ६३५, आणि भार वाटून देणारी तुमची हिच स्वतः ८० पौंडांची. एकूण ७१५. म्हणजे गाडीत कोणी बसायच्या आधीच ६५० ची मर्यादा ओलांडली गेली. तुम्ही, बायको आणि लेक मिळून ३७०, हौद्यातला कूलर, हत्यारं, सरपण १२०. साडेपाचशे पौंड जादा. आईबाबा बसले की आठशेच्या वर. त्या हिचमुळे थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर परत जातो, मान्य. त्याने एवढी तूट भरून निघत नाही.

एअरबॅगने काय होईल? मागून दबलेली गाडी सरळ दिसेल. पण पुढच्या चाकांवरचं जे वजन कमी झालंय ते परत येणार नाही, आणि स्टिअरिंग आणि बहुतांश ब्रेक तर पुढच्याच चाकांवर चालतात. स्टिकरवरचा आकडाही बदलणार नाही. कसं ते घरीच बघा: पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, आधी ट्रेलर न जोडता, मग जोडून. जोडल्यावर पुढचा भाग जितका वर गेला, तितकं तुमचं स्टिअरिंग हलकं झालं. हे भार वाटून देणाऱ्या हिचच्या स्प्रिंग बारने (भार पुढे ढकलणाऱ्या दांड्यांनी) दुरुस्त करायचं असतं, मागे हवा भरून नाही.

चढावर वेग पडण्याची दोन कारणं आहेत. तुमच्या गाडीचे मूळ टायर साडेतीस इंचांचे असणार. त्याजागी ३३ आले की प्रत्येक गिअर जवळजवळ आठ टक्क्यांनी लांब होतो. एक्सलचं गिअर-गुणोत्तर ३.९१ असलं तरी गाडी चालते ३.६ असल्यासारखी. (स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६५ च्या आसपास असता, हेही लक्षात असू द्या.) दुसरं कारण उंची. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, आणि आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे तुमच्या इंजिनाची तीस टक्क्यांहून जास्त ताकद गेलेली असते. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेट्यांचे) दात बदलून ४.५६ चे घातले तर गिअरची ओढाताण थांबेल आणि गिअरबॉक्स कमी तापेल. कच्च्या वाटेवर जात राहणार असाल तर ते काम जरूर करून घ्या. पण त्याने वाहण्याची क्षमता वाढणार नाही.

मला जास्त घोर आहे तो हेलकाव्याचा.

२०१४ साली माझी गाडीही अशीच उचललेली होती. शायेनच्या उत्तरेला, वायोमिंगमध्ये आय-२५ महामार्गावर, ट्रेलरच्या मागच्या बंपरवर मी चार सायकलींचा रॅक लावला होता. हिचचा दांडा मात्र जुनाच होता, सरळ. गाडी तीन इंच वर गेल्यामुळे ट्रेलर ज्यावर टेकतो तो बॉलही वर गेलेला, ट्रेलरचं नाक आभाळाकडे आणि बूड जमिनीकडे. अगदी उलाळ. डावीकडून लांबलचक ट्रक पुढे गेला. आधी ट्रेलर त्याच्यापासून दूर ढकलला गेला, मग त्याच्याकडे ओढला गेला, आणि दुसऱ्या हेलकाव्याला माझ्या हातातलं स्टिअरिंग पाण्यावर ठेवल्यासारखं वाटलं. मागच्या सीटवर दोन मुलं झोपली होती. पाय ब्रेककडे गेला होता, तो मी उचलला आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची छोटी पट्टी अंगठ्याने सरकवली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागे खेचला गेला आणि रेषेत आला. पुढच्या एक्झिटला उतरून मी बराच वेळ रस्त्याकडेला बसून राहिलो.

म्हणून सांगतो: हेलकावा सुरू झाला की पायाचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सावरायला जाऊ नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ती पट्टी सरकवा. ती कुठे आहे हे बायकोलाही दाखवून ठेवा, आणि रिकाम्या मैदानात दोघांनी न बघता तिच्यापर्यंत हात नेण्याची सवय करा.

जूनबद्दल स्पष्ट बोलतो. यलोस्टोनला जाताना लॅरमी ते रॉलिन्सपर्यंत आय-८० महामार्ग लागतो. एल्क माउंटनच्या त्या पट्ट्यात वारा इतका असतो की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद केल्याच्या पाट्या झळकतात. पुढे ९,६५८ फुटांची टोगोटी खिंड. या ट्रेलरसह, पाच माणसांनिशी, या गाडीतून तिथे जाऊ नका. यंदा आईबाबांना घेऊन केबिनमध्ये राहा. पार्कच्या आतली जागा आता मिळणं कठीण, पण बाहेर कोडी किंवा वेस्ट यलोस्टोनला बघा.

ट्रेलर आवडला असेल तर गाडी मोठी घ्यावी लागेल. गाडी आवडली असेल तर ट्रेलर लहान घ्या. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, गाडीत तुमचा जीव आहे. मग भरल्यावरही ३,५०० पौंडांच्या आत राहणारा, १६-१७ फुटी, एका एक्सलचा ट्रेलर शोधा. टॉपर उतरवा, स्टीलचा बंपर आणि विंच काढून मूळ बंपर लावा. मग तुमच्याकडे १,०३० राहतात. तिघांचे ३७०, हिचवरचे साधारण ४२०, हलक्या हिचचे ५०. सामानाला १९० उरतात. आईबाबा आले की मात्र त्यांच्यासाठी दुसरी गाडी काढावी लागेल, हे मी लपवत नाही.

नवा ट्रेलर घेताना टायरवर डॉट (DOT) या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरचे टायर मी पहिल्याच दिवशी बदलतो. आणि तुमच्या उचललेल्या गाडीसाठी खाली उतरणारा हिचचा दांडा लागेल. किती इंच, ते अंदाजाने ठरवू नका. ट्रेलर सपाट जागेवर अगदी समतल उभा करून त्याच्या कपलरची (बॉलवर बसणाऱ्या तोंडाची) उंची मोजा, गाडीच्या रिसीव्हरची (हिचचा दांडा ज्यात बसतो त्या खोबणीची) मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.

त्याआधी एक शनिवार काढा. जवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. सहलीला निघताना भरता तसंच सगळं भरून, सगळी माणसं बसवून, आधी ट्रेलर जोडून वजन करा. हिचचे स्प्रिंग बार मात्र काढलेले असू देत. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून पुन्हा नुसत्या गाडीचं करा. पावतीवर पुढच्या, मागच्या आणि ट्रेलरच्या चाकांचे आकडे वेगवेगळे येतात. गाडीच्या दोन्ही वजनांतला फरक म्हणजे हिचवरचा खरा भार. माझे वरचे आकडे तुमच्या माहितीवरून मांडलेले आहेत, काट्याचे आकडे त्याहून खरे. दोन्ही पावत्यांचे फोटो पाठवा, पुढचं आपण त्यावरून बोलू.