ऐरोलीत घरच्या जुन्या डेस्कटॉपवर (४ जीबी रॅम, विंडोज १०) लिनक्स टाकलं तर डेटा जाईल का?

जायची गरज नाही: विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंटची (लिनक्सचा एक सोपा प्रकार) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकता येते आणि ४ जीबी रॅममध्ये ती बरी चालते. तरी फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्याच. लिनक्सला जागा करण्यासाठी विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान होत असताना लाइट गेली तर फाइल्स खराब होऊ शकतात. यूपीएस नसेल तर भर पावसाळ्यात हे काम काढू नका. क्रम असा:

- विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू राहिलं तर डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
- ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टाका. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.
- पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही (ब्रॉडकॉमच्या चिपवर हे होतं), तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा (म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला द्या) आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्या.
- इन्स्टॉल करताना 'अलाँगसाइड'चा (विंडोजच्या शेजारी) पर्याय निवडा, 'इरेज डिस्क' (सगळी डिस्क पुसा) नव्हे. सगळा घोळ तिथेच होतो. मिंटला किमान २० जीबी लागतात, ५० दिलेत तर निवांत.

घरात कोणी टॅली वापरत असेल तर विंडोज काढू नका. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. मराठी टायपिंगला मात्र अडचण नाही, कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मिळतो.