ऊसतोडीची टोळी निघण्याआधी गावाशी काय बोलायचं?

प्रश्न : आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बालपणीच्या मानसिक आघाताविषयी बचत गटात बोलायचं आहे. इंटरनेटवर दहा प्रश्नांची प्रश्नावली सापडली. ती वाटून बायकांचे गुण काढू का?
– एक अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा

उत्तर : नाही, ती वाटू नका. अमेरिकेत सॅन डिएगोला फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, त्यातून ती आली. मारहाण, व्यसन, घरातली हिंसा असे अनुभव लहानपणी जितके जास्त, तितका पुढे हृदयविकाराचा, व्यसनाचा, नैराश्याचा धोका जास्त, असं त्यांनी १९९८ मध्ये मांडलं. पण हा हिशेब समूहाचा आहे. एकट्या माणसाचं भवितव्य त्या गुणांवरून ठरवू नये, असं अँडा यांनीच पुढे बजावलं. शिवाय ‘घरात कोणी दारू पितं का’ या प्रश्नाचं उत्तर बचत गटात लिहून घेतलं, तर संध्याकाळपर्यंत ते गावभर झालेलं असतं.

कोणाची कहाणी काढू नका. मुलात काय दिसतं आणि मोठ्यांनी काय करायचं, एवढंच शिकवा. टोळ्या निघण्याआधी, श्रावण-भाद्रपदात, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन बैठका घ्या. दर वेळी वीस-पंचवीस जण, दीड तास. आज्यांना आवर्जून बोलवा, सहा महिने मूल त्यांच्याच पदरात असतं.

पहिल्या बैठकीत खुणा सांगा. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते, रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, मूल आजीचा पदर सोडत नाही किंवा उगाच मारायला धावतं. याला नाटक किंवा हट्ट म्हणून मार दिला की भीती वाढते आणि खुणाही वाढतात, हे नीट पटवून द्या.

दुसरी बैठक फक्त निघण्याच्या दिवसाची. ती घाईत उरकू नका. रडू नये म्हणून मूल झोपेत असतानाच ट्रॅक्टर हलतो. सकाळी मूल उठतं तर आई नाही. मग ते झोपायलाच घाबरतं, डोळा लागला की माणूस जातं असं त्याला वाटतं. आईला सांगा : चार-पाच दिवस आधी मुलाला स्पष्ट सांग, जागेपणी निरोप घे, रडलं तर रडू दे. अंगावरची न धुतलेली साडी त्याच्या अंथरुणात ठेव, तिला तुझा वास असतो. फोनचा वार ठरव आणि पाळ. परतायची तारीख मात्र कबूल करू नको. कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे गाळप कधी बंद होईल, ते टोळी नेणाऱ्या मुकादमालाही आधी सांगता येत नाही, आणि मोडलेला शब्द मूल धरून बसतं.

तिसरीत कामं वाटा. चार-पाच मुलांमागे गावात राहणारं एक ठरलेलं माणूस. त्याने रोज एकदा मुलाला नावाने हाक मारून ‘जेवलास का?’ विचारायचं. एवढं सहा महिने न चुकता झालं, तर ते कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतं. दर वेळी नवा माणूस आला तर त्याचा काही उपयोग नाही. ‘आमच्या गावची पोरं’ म्हणणं इथे खरं करून दाखवावं लागतं.

प्रश्न : बैठकीत कोणी रडू लागलं किंवा मुलावरच्या अत्याचाराचं बोलली तर?

उत्तर : बैठकीला दोघी जणी हव्यात. दुसरीने दाराजवळ बसायचं, रडणाऱ्या बाईला बाहेर नेऊन पाणी द्यायचं, ती बोलेल तेवढंच ऐकायचं. खोदून विचारू नये, जखम उघडी पडते आणि बांधायला आपल्याकडे काही नसतं. पुढच्या मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी कधीच देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. दोन्ही क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात, मुलाच्या नजरेच्या उंचीवर रंगवून घ्या.