पावसाळ्यात क्वांटम डॉट करताना

अगं, गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर जुलैची हवा म्हणजे निव्वळ पाणी. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे चमकणारे कण, करताना फ्लास्क आधी ११० अंशांवर तासभर निर्वातात ठेव, मगच नायट्रोजन सोड. सेलेनियमचं द्रावण २७० अंशांच्या आसपास सिरिंजने एका दमात टाक. थेंबथेंब सोडलंस की लहानमोठे कण होतात, चमकेच्या रंगांचा पट्टा पसरतो. माझी पहिली खेप अशीच गेली, चिखलासारखी! २-३ नॅनोमीटरचे कण निळे-हिरवे, ५-६चे लाल. झिंक सल्फाइडचं कवच चढवायला आळस नको.

तांब्याचे आयन चमक विझवतात, त्यावरच पाण्यातलं तांबं ओळखणारा आपला संवेदक चालतो. पण मांडवी नदीचं खारं पाणी थेट ओतू नकोस. क्षारांनी कण गोळा होतात आणि तांबं नसतानाही चमक उतरते. कॅडमियमचा कचरा वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये नाही.